जमिनीसाठी हंगामी, युद्धासाठी कायम

३ मार्च १९१७. रशियाच्या तेव्हाच्या राजधानीत, पेत्रोग्राडच्या मिलिओन्नाया रस्त्यावरच्या एका घरात दोन कायदेपंडित घरातल्या मुलीच्या अभ्यासाच्या खोलीत, तिच्याच शाळकरी मेजाशी बसून एक मजकूर लिहीत होते. एक व्लादिमीर नाबोकोव्ह (ज्याचा मुलगा पुढे कादंबरीकार म्हणून जगभर गाजला) आणि दुसरा बॅरन नोल्दे. आदल्या दिवशी झार निकोलसनं प्स्कोव्हला, आगगाडीच्या डब्यात बसून, गादी सोडल्याचा कागद सही करून दिला होता. गादी दिली होती भावाला, मिखाईलला. मिखाईलला ती नको होती. लोकांनी निवडलेल्या संविधान सभेनं देऊ केली तरच घेईन, असं त्याचं म्हणणं. तीनशे वर्षांची रोमानोव्ह राजवट अशी एका वहीपुस्तकांच्या टेबलावर संपली. (रशियातल्या तारखा जुन्या रशियन पंचांगाच्या देतोय; आपल्या कॅलेंडरच्या त्या तेरा दिवस मागं आहेत.)

त्या कागदात एक वाक्य आहे. सार्वत्रिक, थेट, समान आणि गुप्त मतदानानं निवडलेली संविधान सभा ‘शक्य तितक्या लवकर’ भरेल. तोवर पूर्ण सत्ता असलेल्या हंगामी सरकारचं सगळ्या नागरिकांनी ऐकावं. पूर्ण सत्ता, पण तोवर. हे सरकार जेमतेम आठ महिने टिकलं. ते का कोसळलं याची उत्तरं शंभर वर्षांत ढिगानं लिहिली गेलीत. माझ्या मते उत्तराचं टोक या एका वाक्यातच सापडतं.

मराठीत आपण त्या सरकारला ‘हंगामी’ म्हणतो. ज्याला कधी प्रभारी मुख्याध्यापकांच्या शाळेत शिकायचा योग आलाय, त्याला हा शब्द समजावून सांगायला नको. आमच्या शाळेत दीड वर्ष असे प्रभारी होते. सज्जन माणूस. आठवीच्या वर्गाचं छप्पर गळायचं. तक्रार नेली की म्हणायचे, ‘कायमचे सर येऊ देत, मग बघू.’ दोन पावसाळे आम्ही मधे बादली ठेवून शिकलो. प्रिन्स ल्वोव्हचं सरकार असंच सज्जनांचं होतं. परराष्ट्र खात्यात मिल्युकोव्ह हा नामांकित इतिहासकार, शेतीला शिंगारेव्ह हा पेशानं डॉक्टर, अर्थखात्यात तेरेश्चेन्को हा साखरसम्राट, युद्धखात्यात गुचकोव्ह. क्रांतीनंतर सत्तेवर येणाऱ्या माणसांत इतकी शिकलेली आणि इतकी कायद्याला जपणारी मंडळी क्वचितच दिसतात. जमिनीचा प्रश्न निघाला की म्हणत, संविधान सभा बघेल. युक्रेन, फिनलंडचा निघाला की, संविधान सभा बघेल. देश प्रजासत्ताक की आणखी काही, तेही संविधान सभा बघेल. आम्हाला कोणी निवडलेलं नाही, मग इतके मोठे निर्णय आम्ही कोणत्या तोंडानं घ्यायचे?

हा संकोच खोटा नव्हता. २ मार्चला दूमा, म्हणजे झारच्या काळातली संसद, जिथे भरायची त्या तॉरीद महालात मिल्युकोव्ह मंत्र्यांची नावं वाचत असताना गर्दीतून कोणीतरी ओरडलं होतं, ‘तुम्हाला निवडलं कोणी?’ त्यानं उत्तर दिलं, ‘रशियन क्रांतीनं.’ टाळ्यांचं वाक्य होतं. पण त्या प्रश्नानं सरकारचा पाठलाग शेवटपर्यंत सोडला नाही.

गोम पुढे आहे. न निवडलेल्या सरकारनं मोठे निर्णय घेऊ नयेत हे तत्त्व खरं मानायचं, तर सगळ्यात मोठा निर्णय कोणता होता? युद्ध, म्हणजे तेव्हा चालू असलेलं पहिलं महायुद्ध. सुमारे दीड कोटी माणसं फौजेत भरती झाली होती, त्यातली बहुसंख्य शेतकऱ्यांची पोरं. ते युद्ध पुढे चालवायचं की नाही, हे विचारायला मात्र या सरकारला संविधान सभेची वाट बघावीशी वाटली नाही. १८ एप्रिलला मिल्युकोव्हनं मित्रराष्ट्रांना कळवलं की रशिया निर्णायक विजयापर्यंत लढेल. ते बाहेर फुटल्यावर राजधानीत फौजेच्या तुकड्याच रस्त्यावर उतरल्या. मिल्युकोव्ह आणि गुचकोव्ह दोघांना घरी जावं लागलं. मे महिन्यात समाजवादी मंत्री घेऊन नवं सरकार बनलं आणि त्या सरकारनं काय केलं? १८ जूनला गॅलिशियात नवी चढाई सुरू केली. म्हणजे जमीन वाटायला आपण हंगामी, आणि माणसं मारायला-मरायला पाठवायला कायम. आमच्या प्रभारी सरांनी निदान कोणाला लढाईवर धाडलं नव्हतं.

खंदकातल्या शिपायाला हे गणित वर्तमानपत्र न वाचताही कळत होतं. गावाकडून पत्र येई की जमीनदाराच्या कुरणात आता आपली गुरं सोडलीत, रानातलं लाकूड तोडायला सुरुवात झालीय. वाटप होणार हे त्याला दिसत होतं, आणि वाटपाच्या वेळी आपण गावात नसलो तर? घरी पळून जाणाऱ्या शिपायांचे लोंढे हे नुसत्या भित्रेपणाचे लोंढे नव्हते. वाटणीला हजर राहणं म्हणजे काय, हे भावकीत वाढलेल्या आपल्या माणसांना तरी वेगळं सांगायला नको.

इथे सरकारची बाजूही नीट मांडली पाहिजे, कारण ती लंगडी नाही. शिंगारेव्ह काय किंवा त्याच्यानंतर शेतीखात्यात आलेला, समाजवादी क्रांतिकारक पक्षाचा नेता चेर्नोव्ह काय, दोघांपुढे एक खरीच अडचण होती. युद्ध चालू असताना जमीनवाटप जाहीर केलं तर उरलेसुरले शिपाईही रातोरात गाव गाठतील आणि आघाडी उघडी पडेल. आणि युद्ध सोडावं, तर कशाच्या बदल्यात? जर्मनीनं तह किती महाग विकला हे मार्च १९१८ च्या ब्रेस्ट-लितोव्हस्कनं दाखवलंच; युक्रेन, पोलंड, बाल्टिक सगळं हातचं गेलं. शिवाय तिजोरी मित्रराष्ट्रांच्या कर्जावर चाललेली. पैसे कमी पडले की नोटा छापायच्या. पुढे पंतप्रधान झालेल्या केरेन्स्कीच्या काळातल्या वीस आणि चाळीस रुबलच्या नोटा बाटलीवरच्या लेबलाएवढ्या होत्या, त्यांचे अखंड ताव निघायचे आणि लोक घरी कात्रीनं त्या कापून घ्यायचे. लोक त्यांना ‘केरेन्की’ म्हणत. असं सरकार सोन्यासारखा तह कुठून आणणार?

मान्य. पण या सगळ्या युक्तिवादातून निष्कर्ष एकच निघतो: ज्याला युद्ध थांबवता येत नाही आणि जमीन वाटता येत नाही, त्यानं निदान ज्याच्या नावानं थांबायला सांगितलं ती सभा तरी ताबडतोब भरवावी. हातात होतं ते एवढंच. आणि नेमकं तेच लांबलं.

फ्रान्समध्ये १८४८ च्या फेब्रुवारीच्या शेवटी राजा पळाला आणि २३ एप्रिलला सार्वत्रिक पुरुष मतदानानं निवडणूक झाली. दोन महिने. जर्मनीत ९ नोव्हेंबर १९१८ ला कैसर गेला आणि १९ जानेवारी १९१९ ला मतदान झालं, तेही बर्लिनमध्ये गोळीबार होऊन आठवडा होतोय न होतोय तोच. दहा आठवडे. बर्लिनच्या समाजवाद्यांच्या डोळ्यांसमोर पेत्रोग्राडचं उदाहरण होतं. घाई करायची अक्कल त्यांना रशियाच्या फजितीतून आली, असं म्हणायला जागा आहे. रशियात काय झालं? निवडणूक कायद्याचा मसुदा करणाऱ्या विशेष मंडळाची पहिली बैठकच २५ मेला भरली. क्रांतीला तीन महिने होत आले होते. मंडळाचा अध्यक्ष होता फ्योदोर कोकोश्किन, राज्यघटनेचा गाढा अभ्यासक. त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना जगातला सर्वोत्तम निवडणूक कायदा करायचा होता. त्यांनी केलाही. स्त्रियांना मत, फौजेला मत, प्रमाणशीर प्रतिनिधित्व. त्या काळात इतका पुढारलेला कायदा शोधून सापडायचा नाही. पण मतदाराचं वय किती असावं, पळून गेलेल्या शिपायाला मत द्यावं का, रोमानोव्ह घराण्यातल्या माणसांना द्यावं का, यावर चर्चांमागून चर्चा झडत राहिल्या. १७ सप्टेंबर ही तारीख ठरली, ती ऑगस्टमध्ये पुढे ढकलून १२ नोव्हेंबर केली.

देश मोठा होता, लाखो माणसं आघाडीवर, मतदार याद्याच नव्हत्या. या सबबी आहेत आणि खऱ्या आहेत. पण फक्त त्याच नव्हत्या. उदारमतवादी कॅडेट पक्षाला चांगलं ठाऊक होतं की शेतकऱ्यांच्या देशात सार्वत्रिक मतदान झालं तर आपल्या वाट्याला मूठभर जागा येतील. घाई नको, युद्धात निवडणूक बरी नव्हे, असं म्हणण्यात त्यांचं हित होतं. समाजवादी क्रांतिकारक पक्ष गावोगाव लोकप्रिय होता, त्यानं रेटा लावायला हवा होता. तो सरकारात बसून कॅडेटांची मनधरणी करत राहिला.

या ढकलाढकलीची किंमत किती होती याचा पुरावा मॉस्कोच्या नगरपालिकेत मिळतो. जूनमध्ये तिथे निवडणूक झाली तेव्हा समाजवादी क्रांतिकारकांना निम्म्याहून जास्त मतं मिळाली होती आणि लेनिनच्या बोल्शेविकांना सुमारे १२ टक्के. सप्टेंबरच्या अखेरीस त्याच शहरात प्रभागांच्या निवडणुका झाल्या, तेव्हा बोल्शेविक ५१ टक्क्यांच्या आसपास. मतदानाला लोकही खूप कमी आले होते. उन्हाळ्यात संविधान सभा भरली असती तर चेर्नोव्हच्या पक्षाचं भक्कम बहुमत झालं असतं, जमिनीचा कायदा झाला असता, आणि ‘तुम्हाला निवडलं कोणी?’ या प्रश्नाला आकड्यानं उत्तर देता आलं असतं. लेनिन तेव्हाही असता, पण एका निवडून आलेल्या सरकारविरुद्ध उभा असता. ते काम कितीतरी अवघड.

पाठ्यपुस्तकांत सहसा दुहेरी सत्तेचं कारण पहिल्या नंबरावर असतं. तॉरीद महालाच्या उजव्या बाजूला दूमाची समिती, डाव्या बाजूला सोव्हिएत, म्हणजे कामगार-शिपायांनी निवडलेली परिषद. एका म्यानात दोन तलवारी. गुचकोव्हनं मार्चमध्येच सेनापती अलेक्सेयेव्हला लिहिलं होतं की आमच्याकडे खरी सत्ता नाही. फौज, रेल्वे, टपाल, तार सगळं सोव्हिएतच्या हातात आहे, ती चालू देईल तेवढंच आमचं चालतं. खरंय. पण या दुसऱ्या तलवारीला बाहेर यायचंच नव्हतं. सोव्हिएतमधल्या मेन्शेविक या समाजवादी गटाच्या पोथीप्रमाणे आधी भांडवलदारांचं राज्य यायला हवं होतं, समाजवाद्यांची पाळी नंतर. जुलैत सशस्त्र जमाव तॉरीद महालावर आला तेव्हा एका कामगारानं मूठ उगारून चेर्नोव्हला सुनावलं, ‘घे की सत्ता, हरामखोरा, देतायत तर!’ चेर्नोव्हला जमावानं मोटारीत कोंबलं होतं, ट्रॉट्स्कीनं येऊन सोडवलं. मला त्या कामगाराची ओरड कुठल्याही प्रबंधापेक्षा जास्त काही सांगून जाते. दोन सत्ता भांडत होत्या असं नाही. दोन्हीकडची माणसं हात मागे बांधून उभी होती.

त्यात ल्वोव्हनं स्वतःचे हात पहिल्याच आठवड्यात कापून घेतले होते. झारचे गव्हर्नर काढले, पोलीस मोडले. त्यांच्या जागी कोण, असं विचारल्यावर त्याचं म्हणणं, सरकार कोणाला नेमणार नाही, लोक जागच्या जागी निवडतील. भाबडेपणा म्हणा, पण त्यात जनतेवरचा एक निर्मळ विश्वास होता, त्याची थट्टा करायचं मला जिवावर येतं. तरीही व्यवहार सुटत नाही. लोकांना ‘थांबा’ म्हणायचं, तर एकतर त्यांना तारीख द्यावी लागते, नाहीतर थांबवायला बळ लागतं. या सरकारजवळ दोन्ही नव्हतं. २५ मार्चला त्यानं धान्याची मक्तेदारी जाहीर केली, म्हणजे शेतकऱ्यानं जास्तीचं धान्य ठरल्या भावानं सरकारलाच द्यायचं. ते गोळा करणार कोण? शेतकऱ्याला धान्याच्या बदल्यात खिळे, कापड, रॉकेल हवं होतं. कारखाने तोफगोळे बनवत होते. सप्टेंबरात तांबोव्ह प्रांतात कोझलोव्हच्या आसपास जमीनदारांचे वाडे पेटले, तिथे पाठवायला शिपाईच होते, आणि शिपाई म्हणजे कोण, तर त्याच शेतकऱ्यांची पोरं.

जुलैत ल्वोव्हनं राजीनामा दिला, चेर्नोव्हच्या जमीनविषयक धोरणावर ठपका ठेवून, आणि केरेन्स्की पंतप्रधान झाला. वय ३६. हा सिंबिर्स्कचा, लेनिनच्याच गावचा. याचे वडील लेनिनच्या शाळेचे मुख्याध्यापक होते आणि त्यांनी त्या हुशार पोराला उत्तम शिफारसपत्र दिलं होतं. इतिहासाला असले चहाटळ योगायोग आवडतात. केरेन्स्कीवर सगळं खापर फोडायची जुनी रीत आहे. तो नाटकी होता, भाषण करता करता घेरी येऊन पडायचा, हे सगळं खरं. उन्हाळ्यात आघाडीवर फिरून त्यानं शिपायांपुढे इतकी भाषणं केली की लोक ‘सरसेनापती’ या शब्दाची मोडतोड करून त्याला ‘सरमनधरणीकार’ म्हणायला लागले. पण ज्या सरकारपाशी मनधरणीखेरीज काही उरलंच नाही, त्याला असा माणूस सापडणं हे नवल नव्हे.

त्याची खरी चूक ऑगस्टमधली. सेनापती कॉर्निलोव्हला त्यानंच वर चढवलं, शिस्त आणायला. मग दोघांत संशय वाढला. व्लादिमीर ल्वोव्ह नावाचा (प्रिन्स ल्वोव्हशी नातं नसलेला) एक उतावळा माजी मंत्री दोघांच्या मध्ये निरोप्या म्हणून घुसला आणि निरोपांचा पार विचका केला. २६ ऑगस्टच्या संध्याकाळी केरेन्स्की तारयंत्रावर कॉर्निलोव्हशी बोलायला बसला. ल्वोव्ह यायला उशीर झाला, तर केरेन्स्कीनं यंत्रावर त्याचं नाव घालून त्याच्याही वतीनं प्रश्न विचारले. ल्वोव्हनं नेमकं काय सांगितलं हे न विचारताच कॉर्निलोव्हनं पलीकडून ‘होय’ म्हटलं. या अर्ध्याकच्च्या संभाषणावर बंडाचा आरोप उभा राहिला आणि मग बंड खरोखरच झालं. ते मोडलं रेल्वे कामगारांनी, गाड्या अडवून. राजधानीत कामगारांना बंदुका मिळाल्या, त्या परत कोणी केल्या नाहीत. ३१ ऑगस्टला पेत्रोग्राड सोव्हिएतनं पहिल्यांदा बोल्शेविकांचा ठराव मंजूर केला. उजवीकडचे म्हणू लागले केरेन्स्कीनं सेनापतीला दगा दिला, डावीकडचे म्हणाले सेनापतीला यानंच पोसलं. त्याच्या बाजूनं जीव द्यायला कोणी उरलं नाही.

आणि हेही लक्षात घ्या. निवडून आलेली सभा भरवायला ज्यांना वेळ नव्हता, त्यांनी तिच्या जागी तीन बिननिवडीच्या सभा भरवल्या. ऑगस्टमध्ये मॉस्कोच्या बोल्शोय थिएटरात राज्य परिषद, सप्टेंबरमध्ये लोकशाही परिषद, ऑक्टोबरमध्ये पूर्वसंसद नावाची सल्लागार सभा. तिन्हीत भाषणं उत्तम झाली.

शेवटच्या आठवड्यात तरी शहाणपण सुचावं की नाही? २० ऑक्टोबरला युद्धमंत्री वेर्खोव्हस्की यानं पूर्वसंसदेच्या समितीपुढे सरळ सांगितलं की फौज लढू शकत नाही, तहाची बोलणी लगेच सुरू करा. त्याला रजेवर पाठवलं. २४ तारखेला, बोल्शेविकांच्या तुकड्या पूल आणि तारघरं ताब्यात घेऊ लागल्या असताना, पूर्वसंसदेनं मेन्शेविक नेता दान याच्या पुढाकारानं ठराव केला: जमीन भूसमित्यांकडे द्या, तहाचा प्रस्ताव मांडा, आणि हे आज रात्रीच जाहीर करा. दान आणि आणखी दोघे रात्री सरकार बसायचं त्या हिवाळी महालात गेले. शहरभर पोस्टर लावा, तारा पाठवा, म्हणाले. केरेन्स्की उखडला. सरकारला बाहेरच्यांचा उपदेश नको, आता कृतीची वेळ आहे, हे त्याचं उत्तर. दुसऱ्या दिवशी सकाळी तो फौज आणायला म्हणून मोटारीनं शहराबाहेर गेला. महाल राखायला उरले लष्करी शाळेतले विद्यार्थी, काही कोसॅक आणि स्त्रियांच्या बटालियनची एक कंपनी. त्यातलेही बरेच अंधार पडल्यावर निघून गेले. मध्यरात्र उलटल्यावर मंत्र्यांना जेवणाच्या छोट्या खोलीत पकडलं.

त्यानंतरच्या रात्री लेनिननं जमिनीचा हुकूम वाचला. त्यातला मोठा भाग त्याचा नव्हताच. गावोगावच्या २४२ मागणीपत्रांवरून समाजवादी क्रांतिकारकांच्या मंडळींनी तयार केलेला मसुदा होता तो, ऑगस्टमध्ये शेतकरी सोव्हिएतच्या वर्तमानपत्रात छापून आलेला. आमचा कार्यक्रम चोरला म्हणून त्या पक्षाची माणसं ओरडली. ज्याचा कोणाचा असेल त्याचा असो, अशा अर्थाचं लेनिनचं उत्तर होतं. दोन महिने तो कागद छापील रूपात पडून होता, आणि ज्यांचा होता ते सरकारात शेतीखातं सांभाळत होते. लेनिनच्या अलौकिक बुद्धीच्या किंवा जर्मन पैशाच्या कथा ज्यांना प्रिय आहेत त्यांनी या एका गोष्टीचं काय करायचं ते ठरवावं.

आणि ‘रशियन माणसाला लोकशाही झेपतच नाही’ हे जे काही लोक अजून म्हणतात, त्यांच्यासाठी: निवडणूक झाली. हंगामी सरकारनं लावलेल्या तारखेलाच सुरू झाली, १२ नोव्हेंबरला, ते सरकार पडून अडीच आठवडे झाल्यावर. चार कोटींहून जास्त माणसांनी मतं दिली. सुमारे ४० टक्के समाजवादी क्रांतिकारकांना, सुमारे २४ टक्के बोल्शेविकांना, कॅडेटांना पाचेक टक्के. सभा ५ जानेवारी १९१८ ला तॉरीद महालात भरली, चेर्नोव्ह अध्यक्ष झाला, आणि पहाटे पहारेकरी दमलेत म्हणून नाविकांनी तिला उठवलं.

कोकोश्किन त्या सभेवर निवडून आला होता, स्वतःच घडवलेल्या कायद्याखाली. शिंगारेव्हही. पण दोघांना २८ नोव्हेंबरला, सभा भरायची मूळ तारीख होती त्याच दिवशी पकडलं होतं, त्यामुळे सभागृहात पाऊल टाकता आलं नाही. तब्येत ढासळली म्हणून ६ जानेवारीच्या संध्याकाळी त्यांना किल्ल्याच्या तुरुंगातून मारिइन्स्काया इस्पितळात हलवलं. त्याच रात्री काही नाविक वॉर्डात शिरले आणि दोघांना खाटेवरच ठार केलं.